ताडबागेतला खालचा नळ

ताडबागेत आता रस्त्याला विजेचे दिवे आहेत, कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल आहे, पिठाची चक्की आहे आणि संध्याकाळ झाली की तालमीतल्या पोरांचे शड्डू ऐकू येतात. परवा आमच्या मजल्यावरची नवी सून मला म्हणाली, "बयाकाकी, तुमचं बरं, आयत्या वस्तीत आलात." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आयत्या? बस खाली. आधी आवडीकाकी कोण ते ऐक, मग बोल."

तिला सांगितलं तेच सांगते.

मी बयाबाई. बिरवाडीच्या बाजारात वाढले आणि पोलादपूरच्या वर डोंगरात, खडपवण्याला दिली गेले. पोरीला एवढ्या उंचावर देतात म्हणून माझी आई आठवडाभर रडत होती. माझं सासर वरल्या वाडीतलं. आवडीकाकी खालल्या वाडीतली. गाव एक, देव एक, लांबून पाहिलं तर भावकीही एकच. मध्ये एक उतार, आणि उताराएवढाच ताठा.

गावचा झरा वरल्या वाडीच्या अंगणाशी. पाणी दगडी डोणीत पडायचं. आधी वरलीच्या बायकांनी भांडी भरायची, मग खाललीने डोणीला हात लावायचा, ही रीत. पावसाळ्यात, थंडीत कुणाचं अडत नसे. चैत्र लागला की धार करंगळीएवढी. वरलीची भांडी, वरलीची गुरं, वरलीचं धुणं आटपेतो ऊन डोक्यावर यायचं आणि खाललीच्या वाट्याला डोणीतला गाळ. बरं, रात्रभर डोण भरून वाहायची ते पाणी कुठे जायचं? आमच्या सासऱ्यांच्या परड्यातल्या मिरच्यांना! खाललीच्या बायका मात्र घळीत उतरून ओढ्याच्या डोहातून हंडे भरायच्या आणि ती खडी चढण चढून यायच्या. ती चढण ज्याने पाहिली नाही त्याने पाण्याबद्दल बोलूच नये. पुढे महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या माणसांनी मार खाल्ला, ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. त्यापुढे आमचं भांडण घरातलंच. पण आमच्याकडे पाणी कधी नुसतं पाणी नसतं, एवढं खरं.

आवडीकाकी त्या चढणीवर पडली होती. पहिलटकरीण, सातवा महिना, डोक्यावर हंडा. पाय मोडला तो कायमचा अधू झाला आणि पोटातलं मूल गेलं. मागून भिकू झाला. तो रांगायला लागला नाही तोच नवरा तापाने गेला. तेव्हा ही बाई पोराला काखोटीला मारून, बोटीत बसून मुंबईला आली. गावात म्हणाले, लंगडी मुंबईत काय दिवे लावणार!

त्या वेळची ताडबाग म्हणजे खरोखरच ताडांची बाग. भंडाऱ्यांची चार घरं, एक मचूळ पाण्याची विहीर आणि अंधार पडला की कोल्हे. गिरण्यांचे भोंगे पलीकडे परळात वाजायचे. आमच्या गावच्या गड्यांनी तिथे झावळ्यांचा एक लांबलचक गाळा उभा केला होता. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच घोंगडीवर आडवा व्हायचा. घोंगडी म्हणे कधी गार होतच नसे. या सगळ्यांचं जेवण काकी करायची. वरलीचे, खाललीचे एकाच पंगतीला. एकाच छपराखाली कुणाचा ताठा टिकणार? आणि काकीसमोर कुणी मिजास दाखवली तर ती त्याच्या ताटात भाकरी अशी आपटायची की शेजारचासुद्धा मुकाट्याने जेवायचा.

मी लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा गाळा शेवटच्या घटका मोजत होता. सरकारने झोपड्या उठवायचं ठरवलं होतं आणि समोर सिमेंटच्या मोठाल्या चाळी बांधल्या होत्या. राखी रंग, खिडक्यांना गज, चार-चार माळे. कुणी तिकडे फिरकेना. म्हणत, हा तुरुंग आहे, भाड्याने घ्यायचा तुरुंग! भिंतीत खिळा जात नाही, मग देव कुठे टांगायचा? कुणी म्हणे आत उन्हाळ्यात माणूस शिजतो, कुणी म्हणे भुतं आहेत. माळेच्या माळे रिकामे पडले होते.

काकी एकटी बघून आली. सगळ्यांना वाटलं, नाक मुरडणार. ती येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "जायाचं. माळ्यामाळ्यावर नळ हाय. मी हात धरून बघितला. दारात पाणी हाय रे, दारात!"

एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला लागली. तिच्या बोलण्यावर आमचं गाव हललं. गाव हललं म्हणून दासगावचे आले, शिवथरच्या खोऱ्यातले आले, महाडचे आले. आता सांगा, ही वस्ती आयती का?

मग खोल्या निवडायची वेळ आली, आणि तिथे आमच्या सासऱ्यांनी आपली अक्कल पाजळली. मामंजींचं नाव कोंडाजी. वरल्या वाडीचे मानकरी, मिशा अशा की आधी मिशा दारातून आत यायच्या. ते म्हणाले, "वरली वाडी वर, खालली वाडी खाली. मुंबईला आलो म्हणून रीत बदलत नाय."

काकी म्हणाली, "कोंडाजीदादा, तीन जिने हायत. गुडघ्यांचा तरी इचार करा."

"गो आवडे, पाणी वरनंच येतं. आजवर कधी खालनं वर चढताना बघितलंस काय?"

कुणी बघितलं होतं पाणी वर चढताना? मलासुद्धा ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू! आमची वरली वाडी जाती, पाटे, घोंगड्या घेऊन धापा टाकत सगळ्यात वरच्या माळ्यावर चढली. वर जाऊन मामंजींनी नळ फिरवला. धो धो पाणी! त्यांनी कठड्यावरून वाकून खाली आरोळी ठोकली, "बघितलंस काय गो आवडे!" काकी खालूनच हसली. तिचा नळ तर तिच्या खोलीच्या दाराशीच होता.

पावसाळा गेला, थंडी गेली. तोवर रिकामे माळे भरले. जिथे दहा भांडी लागायची तिथे शंभर लागायला लागली. उन्हाळा आला आणि एके दिवशी सकाळी मी वरचा नळ फिरवला तर आतून नुसतं फुस्स! दुसऱ्या दिवशी फुस्स. आमच्या लगतच्या खालच्या माळ्यावर थोडं थेंब थेंब, खाली मात्र भरपूर. पाणी खालूनच येत होतं आणि तीन जिने चढून यायचा त्याला कंटाळा आला होता, आमच्या पाहुण्यांसारखा. मामंजी नळाची तोटी अशी न्याहाळत बसले होते, जणू तिने भर पंचायतीत शब्द फिरवला.

आम्ही कळश्या घेऊन खाली उतरलो. नळापाशी सदू उभा. हा खाललीचा तरुण गडी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि डोक्याने नुसता बारूद. हातात काठी. म्हणतो कसा, "खाललीची भांडी भरल्यावर."

पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वरलीच्या बायका जे तोंडाने म्हणत आल्या तेच. मी बिरवाडीची, मला मनातून हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. मला पाचवा महिना होता.

हे मामंजींना कळलं मात्र! त्यांनी फर्मान काढलं, खाललीच्या नळावर वरलीची एक बाई दिसता कामा नये, रस्त्यावरच्या नळावरून पाणी आणा. रस्त्यावरचा नळ गिरणीच्या फाटकापाशी. तिथून कळशी आणायची आणि तीन जिने चढायची. पुरुषांचा ताठा आणि आमची कंबर! आमचे हे गिरणीतून आल्यावर दोन हंडे आणून द्यायचे, पण सकाळचं कोण आणणार? मी बोलून दाखवलं तर मामंजी म्हणाले, "सवय होईल."

त्यातच गावाहून हैबती आला. खाललीचाच म्हातारा, शिमगा झाला की मुलाकडे यायचा. त्याने काकीला निरोप सांगितला. भिकू इथे काकीपाशी होता, पण त्याची बायको मैना गावी होती, काकीची म्हातारी सासू येसूबाई आणि थोडी नाचणीची जमीन सांभाळत. म्हातारी गाव सोडायला तयार नाही म्हणून मैनेला तिथे राहणं भाग. मैनेला सातवा लागला होता. आणि ती रोज घळीत उतरत होती.

"म्हातारीचं आता उठणं होत नाय," हैबती म्हणाला, "पोर एकलीच हंडा वाहते. मी बघितली गो, कंबरेवर हात ठेवून चढणीत उभी होती."

काकीच्या हातातली पळी आमटीत पडली. तिने ती काढलीही नाही.

त्या संध्याकाळी सदू तिच्या दारात जाऊन बसला. "काकी, देवानंच नळ आपल्या हातात दिला. कोंडाजीम्हातारा झऱ्याचं पाणी खाली सोडतो म्हणंस्तोवर वरलीला थेंब नाय द्यायचा. आता नाय तर कंदीच नाय. मैनेचा इचार कर."

काकी काहीच बोलली नाही. सदूने तो होकार धरला. आणि तो होकारच होता. काकीने पुढे मला स्वतः सांगितलं, "मोह झाला गो बये. वाटलं, तडफडूंदेत जरा, माझी मैना तरी सुटंल." त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही आणि मलाही नाही. मी तिच्या जागी असते तर नळावर जाऊन स्वतः बसले असते.

तीन-चार दिवस हे असं चाललं. एका सकाळी मी रस्त्यावरून कळशी घेऊन आले. दुसऱ्या जिन्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरला, कळशी कंबरेवर तशीच, एक हात पाठीवर. वर जाववेना आणि खाली उतरायची लाज. काकी अजूनही गड्यांना डबे द्यायची; कुणाचा तरी डबा पोचवून ती वरून उतरत होती. तिने मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरले. म्हटलं, "काकी, काय झालं?"

तिने माझ्या कंबरेवरची कळशी काढून घेतली. मला जिन्यावर बसवलं. पदराने माझं तोंड पुसलं आणि ती अधू पाय ओढत इतक्या झपाट्याने खाली गेली की मी बसूच शकले नाही, कठडा धरत धरत मागून उतरले.

"सदू, बाजूला हो."

"काकी, मैनेचं काय?"

"मैनेसाठीच सांगते. वरची बया पोटुशी हाय. तिला जिन्यात पाडून माझ्या मैनेला पाणी मिळवू? ते पाणी तिच्या नरड्याखाली उतरंल काय रे?"

"मग ते आपलं कंदीच नाय ऐकायचे!"

"नाय तर नाय. पण पाण्यासाठी बाई पडायची ती माझ्या दारात नाय पडायची. माझ्या दारात नाय!"

तिचा आवाज फाटला. दारादारांतून माणसं बाहेर आली. सदूने काठी खाली ठेवली. एवढ्यावर सोडेल तर ती काकी कसली! "आता तो हंडा उचल. वर कोंडाजीदादाच्या खोलीत नेऊन ठेव. आजपासनं पोटुशी बाई ह्या चाळीत पाणी घेऊन जिना चढणार नाय. गडी चढतील. वरलीचे बी आणि खाललीचे बी."

सदू हंडा घेऊन आमच्या माळ्यावर आला तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. मामंजी नळापाशीच बसले होते. त्याच्या मागोमाग, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत काकी आली. एवढे जिने ती डब्यासाठी चढायची, पण आमच्या दारात त्या दिवसापर्यंत कधी थांबली नव्हती.

"कोंडाजीदादा," ती उभ्यानेच म्हणाली, "ह्या पाण्याचं काय मागाया आले नाय. तुमी नाय म्हटलंत तरी उद्या हंडा येईल, परवा बी येईल. पण एक इचारते. माझं पहिलं त्या चढणीवर गेलं. माझ्या मैनेला सातवा हाय आणि ती तीच चढण चढते. तुमच्या मिरच्यांना रातचं पाणी मिळतं. माझ्या मैनेला नाय मिळायचं?"

मामंजींकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. तेव्हा मात्र ते हंड्यात बघत बसले. काकी "येते गो बये," म्हणून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी मामंजी खोलीत नव्हते. गाठोडं नाही, काठी नाही. आमचे हे म्हणाले, "म्हातारा रागानं गावाला गेला. आता झऱ्याला कुंपण घालतो का काय बघा." खालच्या माळ्यावर सदू दात ओठ खात होता. पण दोन्ही वेळचे हंडे वर येत राहिले, एक दिवस चुकला नाही. दासगावचे लोक पहिल्यांदा हसले, गडी पाणी वाहतात म्हणून. महिन्याभरात त्यांच्याही माळ्यावर गडीच हंडे वाहू लागले. मोठा संप झाला तेव्हा याच जिन्यांवरून खालची डाळ वर गेली आणि वरचे तांदूळ खाली आले. त्याआधी ताडबागेत खोल्या होत्या, शेजारी कुणी नव्हता. हे सगळं काकीने केलं, आणि विचाराल तर म्हणायची, "मी काय केलं? सदूनं वाहिलं."

आगोटीपूर्वी, पाऊस लागायच्या आधी, बोटी बंद होतात, म्हणून वैशाख सरता सरता काकी भिकूला घेऊन मैनेच्या बाळंतपणाला निघाली. मीही निघाले. मला माहेरी बिरवाडीला जायचं होतं, पण आधी सासरी जाऊन ओटी भरून घ्यायची रीत. बाणकोटपर्यंत बोट, मग खाडीतून होडीने दासगाव, तिथून बैलगाडी. पोलादपूरच्या पुढे चाल. वाटेत काकीने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "भिक्या, मैना पडली तर नसंल रे?" तो पुढे चालत राहायचा.

खालल्या वाडीच्या वळणावर आलो आणि पाण्याचा आवाज आला. वैशाखात, खालल्या वाडीत! काकीने माझा दंड धरला. येसूबाईच्या अंगणाच्या टोकाला नवी दगडी डोण मांडली होती आणि चिरलेल्या बांबूच्या पन्हळीतून तिच्यात पाणी पडत होतं. मैना तिथे उभी होती, पोट पुढे आलेलं, गाल भरलेले, आणि हंडा डोणीच्या काठावर. सासूला बघून ती लाजली आणि पदर सावरून पाया पडायला वाकू लागली. भिकूने तिला मध्येच धरलं.

मामंजी तिथेच होते. आम्ही येणार हे त्यांनी महाडहून येणाऱ्या कुणाकडून तरी ऐकलं असावं, कारण दोन्ही वाड्यांची माणसं जमली होती आणि कुणीतरी नारळ आणून ठेवला होता. मामंजी म्हणाले, "आवडे, नारळ तुझ्या हातानं."

काकी नारळ हातात घेऊन वर बघत होती. आमच्या परड्यापासून पन्हळ खाली आली होती, एका बांबूला दुसरा जोडत, दगडांच्या टेकूंवर. वरून कुणी हाक मारली तर खाली ओ देता येईल एवढंच अंतर. मग तिने सहज विचारलं, "कोंडाजीदादा, किती दिस लागले हो ह्याला?"

"दिस कुठले!" मामंजी कौतुकाने म्हणाले. "एका सकाळचं काम!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं.

"एका सकाळचं?" काकी म्हणाली. ती डोणीच्या काठावर बसली. "एका सकाळचं काम होतं, दादा? एका सकाळचं?" आणि मग ती रडायला लागली. लहान पोर रडतं तशी, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. मुंबईत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, गावात नवरा गेला तेव्हासुद्धा म्हणे पाहिलं नव्हतं. मैना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मीही रडले. सगळ्या बायका रडल्या, वरलीच्या आणि खाललीच्या. पुरुष जमिनीकडे बघत उभे.

मामंजींनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. त्या दिवशी त्यांना उत्तर सुचलं नाही आणि मरेपर्यंत सुचलं नाही.